उजवा दाण्याला, डावा घारीला

श्रोतेहो, रामराम. सांदवाडीत दाणे टिपणाऱ्या कोंबडीवर घारीची सावली पडली की ती मान तिरपी करते आणि एकच डोळा वर लावते. बहुतेकदा तो डावा असतो. दाणा निवडायला उजवा, धोका हेरायला डावा. पुन्हा सांगतो, उजवा दाण्याला, डावा घारीला. ही वाटणी पक्की होते ती अंड्यात शिरणाऱ्या उजेडानं.

अंडं फुटण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत आतल्या पिलाचा डावा डोळा अंगाशी दबलेला असतो, उजवा कवचाकडे. म्हणजे उजेड मिळतो तो उजव्यालाच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक लेस्ली रॉजर्स यांनी हे 1982 मध्ये दाखवलं. पुढं उजवा झाकून डाव्याला उजेड दिला, तर वाटणी उलटीच झाली!

खरी गंमत 2004 ची. रॉजर्सबाईंनी इटलीच्या दोघांना सोबत घेतलं. काही अंड्यांना फुटण्याआधी उजेड दाखवला, काही मिट्ट काळोखातच ठेवली. मग पिलांपुढं दाणे टाकले. त्यातच खडेही होते, जमिनीला पक्के चिकटवलेले. आणि डोक्यावरून शिकारी पक्ष्याची आकृती फिरवत राहिले. उजेडातली पिलं वर लक्ष ठेवून खालचे खडे टाळायला शिकली. काळोखातल्यांची तारांबळ उडाली. वर बघावं की खाली? चोच खड्यावरच! वेळ गेला तशी ती सुधारायची सोडून आणखीच चुकू लागली.

खुडूक कोंबडीचं टोपलं अंधाऱ्या खोलीत कोंडू नका, सपरीत ठेवा. ती दाणापाण्याला उठते तेवढ्यात अंड्यांवर उजेड पडतो. पण ऊन नको; मे महिन्याच्या उन्हात अंडं आतल्या आत शिजतं. मशीनमध्ये उबवत असाल तर अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करा आणि एकोणिसाव्या दिवशी दोन-अडीच तास एलईडी लावा. एलईडीच लावा, साध्या बल्बनं मशीन तापतं. काटा साडेसदतीस अंशांवरून हलू देऊ नका.

रानातही हेच चालतं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती उठली की उजेड थेट कवचावर. आणि तळ्याकाठचा तो लांब लाल पायांचा शेकाट्या बघा. भक्ष्यावर चोच मारायला त्याचा उजवा डोळा पुढं, आणि त्या बाजूचा नेमही जास्त लागतो. नर मादीपुढं मिरवतो तेव्हा मात्र ती बहुधा त्याच्या डाव्या डोळ्यासमोर असते.