तंबाखू, सोयाबीन आणि रात्रीची लांबी

मंडळी, निपाणीत तंबाखूवर बोलायचं म्हणजे जाणत्यांसमोर तोंड उघडणं. कळी दिसली की शेंडा खुडायचा, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण ती कळी केव्हा येते, का येते, याचा छडा लागला तो अमेरिकेत, सरकारी शेतीखात्याच्या मळ्यावर.

तिथं ‘मेरिलँड मॅमथ’ नावाचं तंबाखूचं वाण होतं. उन्हाळाभर वाढायचं, माणसाच्या डोक्यावर जायचं, पण फुलायचं नाही. मग बी धरणार कसं? तेच वाण हिवाळ्यात काचघरात ठेवलं, की निमूट फुलायचं. गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी ऊब, ओल, खत, सगळ्याचा विचार करून पाहिला. अखेर १९१८ च्या जुलैत त्यांनी एक छोटी अंधारखोली केली. दुपारी चारला कुंड्या आत, सकाळी नऊला बाहेर. भर उन्हाळ्यात तंबाखू फुलली! सोबतचं सोयाबीनही लवकर फुललं. झाडाला दिवसाची लांबी कळते, हे त्यांनी १९२० मध्ये छापलं. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी गोखरूच्या तणावर दाखवलं, की लांब रात्रीच्या मधेच थोडा वेळ दिवा लावला तरी फूल टळतं. म्हणजे झाड मोजतं ते रात्र. शेवंतीवाले रात्री पॉलिहाऊसमध्ये बल्ब लावतात, ते याच आधारावर.

आता, मोजतं कशानं? अमेरिकेतल्याच बेल्ट्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत १९५२ मध्ये लेट्यूस या पालेभाजीच्या भिजवलेल्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला, बी रुजलं. त्यावर लगेच गडद तांबडा, डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश टाकला, तर रुजणं थांबलं. पुन्हा तांबडा, पुन्हा गडद. कितीही वेळा आलटून पालटून टाका, बी ऐकायचं शेवटच्या झोताचं! हा प्रकाश ओळखणारं, झाडाला रात्रीची लांबी कळवणारं रंगद्रव्य, फायटोक्रोम, १९५९ मध्ये हाती लागलं. १९१८ पासून धरा, एकेचाळीस वर्षं. इतकी वर्षं कोणता व्यापारी थांबला असता? थांबली ती जनतेच्या कराची तिजोरी. माझा सगळा आग्रह इथंच आहे.

कारण हिशेब आपल्या शिवारापर्यंत येतो. सोयाबीन किती दिवसांत पिकणार, हे ठरवणाऱ्या जनुकांना ई-१, ई-२ अशी नावं आहेत. त्यांतले ई-३ आणि ई-४ हे फायटोक्रोमचेच जनुक निघाले. जपानी संशोधकांनी हे २००८-०९ च्या सुमारास दाखवलं. आपल्याकडे जूनअखेर दिवस तेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकराच्या. एवढासा फरकही सोयाबीनला पुरतो. पाऊस लांबला आणि पेरणी जुलैअखेर गेली, की रात्र वाढत असते. रोप गुडघ्याएवढं व्हायच्या आत फुलावर येतं आणि शेंगा कमी लागतात. दोष बियाण्याचा नसतो, खताचाही नसतो.

धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि निपाणीचं संशोधन केंद्र हे आपल्याच पैशांवर चालतात. उशिरा पेरल्यावरही कोणतं वाण तग धरतं, हे तिथं जाऊन विचारा, चाचणीचे प्लॉट बघायला मागा. आणि यंदा उशीर झालाच, तर ओळी जवळ घ्या, बियाणं थोडं जास्त टाका. बुटकी रोपं रान लवकर झाकतील.