स्क्रूज नेमका कुठे बदलला?

मित्रहो, चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही भूतकथा आपण सर्वांनी वाचलेली आहे, त्यामुळे कथानक सविस्तर सांगत बसत नाही. नाताळच्या आदल्या रात्री कंजूष म्हाताऱ्या स्क्रूजकडे त्याचा मेलेला भागीदार मार्ले भूत होऊन येतो, मग गत, चालू आणि येणाऱ्या नाताळाचे तीन आत्मे त्याला फिरवून आणतात आणि तो बदलतो, एवढी आठवण पुरे. स्क्रूजचा स्वभाव आणि कथेचा सामाजिक आशय हा आजचा विषय आहे. पण आधी एक तक्रार मांडल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

शाळकरी मुलांसाठीच्या ज्या संक्षिप्त आवृत्त्या माझ्या पाहण्यात आल्या, त्यांपैकी बहुतेकींत गतकाळच्या नाताळाच्या आत्म्याची भेट दोन परिच्छेदांत उरकून वाचकाला थेट दफनभूमीत नेलेले असते. स्वतःच्या नावाचा दगड पाहून कंजूष म्हातारा घाबरला आणि सुधारला, एवढेच मग मुलांच्या मनावर ठसते. हा त्या कथेवर अन्याय आहे. मूळ कथेत स्क्रूजच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी येते ते मरणाच्या भीतीने नव्हे. इतर सगळी मुले सुट्टीला घरी गेल्यावर ओस पडलेल्या शाळेत, मंद विस्तवापाशी, एकटाच वाचत बसलेला मुलगा त्याला दिसतो, आणि तो मुलगा म्हणजे तो स्वतःच असतो. पुस्तकातला अलीबाबा खिडकीबाहेर दिसताच हा रुक्ष माणूस हर्षाने ओरडतो. नंतर बाहीने डोळे पुसत म्हणतो की, काल रात्री दाराशी एक मुलगा नाताळचे गाणे म्हणत होता, त्याला काहीतरी द्यायला हवे होते. त्याच मुलावर त्याने पट्टी उगारली होती! स्वतःविषयीची कणव दुसऱ्याकडे वळते ती या एका वाक्यात, आणि नेमके तेच वाक्य गाळले जाते.

मार्लेचे भूतही असेच वाचावे. आपल्याकडे भूत होते ते काही घ्यायचे, भोगायचे राहून गेले म्हणून. इथे खिडकीबाहेर घोंगावणारी भुते विव्हळतात ती द्यायचे राहून गेले म्हणून. त्यांतले एक, घोट्याला भलीमोठी तिजोरी बांधलेले, उंबऱ्यावर तान्हे मूल घेऊन बसलेल्या बाईला मदत करता येत नाही म्हणून रडत असते.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा सामाजिक आशय थोडक्यात सांगतो. 1834 च्या कायद्याने इंग्लंडमधील गरिबांना मदतीसाठी श्रमगृहांकडे, म्हणजे कष्ट करवून घेऊन आसरा देणाऱ्या संस्थांकडे, ढकलले होते. गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्यांना स्क्रूज ‘तुरुंग नाहीत का? श्रमगृहे नाहीत का?’ असे विचारतो आणि गरीब मेले तर ‘जादा लोकसंख्या’ कमी होईल म्हणतो; हे ‘जादा लोकसंख्या’ शब्द लोकसंख्यावाढीविषयी लिहिणाऱ्या इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसच्या विचारांतून आलेले आहेत. 1843 मध्ये बालमजुरांविषयीचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स पत्रक लिहिणार होता. त्याऐवजी 19 डिसेंबरला ही कथा प्रसिद्ध झाली. वडील कर्जापायी तुरुंगात असताना त्याने स्वतः बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात काम केले होते. म्हणूनच दुसऱ्या आत्म्याच्या झग्याखालची ती दोन खंगलेली मुले, अज्ञान आणि दारिद्र्य, मला कथेच्या केंद्रस्थानी वाटतात. यांना कुठेच आसरा नाही का, असे स्क्रूज विचारतो, तेव्हा तो आत्मा त्याचेच शब्द त्याला परत करतो: “तुरुंग नाहीत का? श्रमगृहे नाहीत का?”