लाल दिसला म्हणजे पर्पल फिंच नव्हे हो!

नमस्कार मंडळी! न्यू जर्सीत थंडी पडली की कमेंटमध्ये तोच फोटो, फीडरवर, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायच्या भांड्यावर, लालसर पक्षी आणि खाली "ताई, पर्पल फिंच आला!" अहो, फिंच म्हणजे दाणे खाणारे चिमणीसारखे छोटे पक्षी, आणि बहुतेक वेळा तो त्यातला आपला रोजचा हाउस फिंच असतो. तो मूळचा पश्चिमेकडचा, १९४० मध्ये लाँग आयलंडवर पिंजऱ्यातले सोडून दिले आणि आता इथे बारा महिने हजर.

फीडर कुठे लावायचा वगैरे तुम्हाला माहितीये, सूर्यफुलाचं काळं बी टाका, विषय संपला. नायजर नावाचं महागडं पाकीट मिळतं ना, ते आपले चटणीचे कारळे, फक्त उगवू नयेत म्हणून तापवलेले. आईला सांगितलं तर म्हणे, "मला पाव किलो शोधावे लागतात, आणि तू पक्ष्यांना घालतेस?"

तर, रंग बघू नका. नराची कूस बघा, म्हणजे पंखाखालची बाजू. तिथे ठळक तपकिरी रेघा असतील तर हाउस. पर्पलच्या नराचा गुलाबी रंग डोक्यावरून पाठीवर आणि कुशीवर पण उतरलेला असतो. हाउसचा लाल रंग तो काय खातो त्यावर ठरतो, त्यामुळे केशरी, पिवळे नरही असतात, मग रंगावर काय भरवसा ठेवणार? त्यात संध्याकाळचं ऊन पडलं की सगळेच गुलाबी दिसतात. एकजण म्हणाले, "पण पक्षी ओळखायचं ॲप पर्पल म्हणतंय." ॲपला जे दिसतं त्यावरून ते बोलतं, तुम्ही नुसतं डोकं पाठवलंत तर ते तरी काय करणार, कूस दिसेल असा फोटो काढा ना! मादीत तर लाल नसतोच. तिची पांढरी भुवई ठसठशीत असेल आणि गालावर गडद पट्टा, तर पर्पल. चेहरा कोरा, छातीवरच्या रेघा पुसट, तर हाउस.

इव्हनिंग ग्रोसबीक हा थंडीतला दुसरा फिंच आला तर मला विचारूच नका, पिवळाधमक आणि चोच केवढी! आणि पर्पल, ग्रोसबीक हे थंडीतले पाहुणे बर्फ जास्त म्हणून येत नाहीत हो. कॅनडातल्या जंगलात स्प्रूस, बर्चचं बी कमी धरलं की खाली येतात. म्हणून कॅनडातले पक्षीनिरीक्षक रॉन पिटवे यांनी १९९९ मध्ये यंदा कोण खाली येईल याचा दरवर्षीचा अंदाज सुरू केला, आता फिंच रिसर्च नेटवर्क तो काढतं, दिवाळीच्या आधी वाचून ठेवत जा.

पाइन सिस्किन हे छोटे फिंच मात्र थव्याने येतात आणि साल्मोनेला हा जिवाणूंचा आजार पसरतो. एखादा फुगून बसलाय, जवळ गेलं तरी उडत नाही असं दिसलं तर फीडर उतरवा, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून धुवा, नीट वाळवा आणि दोनेक आठवडे परत लावूच नका.