जिम क्रायटन: न दिसलेला झटका

ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीतला हा संगमरवरी स्तंभ जरा जवळून बघा. तिरक्या बॅटी, टोपी, स्कोअरबुक, सगळं कोरलेलं. आणि पार टोकाला एक दगडी चेंडू. खाली बेसबॉलपटू जिम क्रायटन. वय वर्षं 21.

1859 सालचं बेसबॉल वेगळंच होतं. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, हात खालून आणायचा, कोपर वाकवायचं नाही, मनगट हलवायचं नाही. फलंदाजाला मारता येईल असा चेंडू द्यायचा, बस्स! पंगतीत वाढप्यानं पानात जिलबी ठेवावी, तसा. खरी झुंज फलंदाज आणि क्षेत्ररक्षकांची.

क्रायटन तेव्हा नायगरा क्लबात. स्टार क्लबाविरुद्ध त्याच्या हाती चेंडू दिला आणि वाढप्याचं काम संपलं. पिचर ते फलंदाज अंतर 45 फूट, आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीहून 21 फूट कमी. त्यात हा वेग! मध्येच एखादा अगदी संथ चेंडू. फलंदाजाची बॅट कधीच फिरून गेलेली.

मनगटाला बारीक झटका देत असणार, पण पंचांना तो दिसेना. इंग्लंडचा क्रिकेटपटू जॉन लिलीव्हाइट मात्र एकदा बघून म्हणाला, हा फेकतोय. चकिंगचा वाद इतका जुना आहे बरं का.

1860 मध्ये एक्सेलसियर क्लबानं त्याला ओढून नेलं. पैसे घेऊन खेळायला बंदी होती. तरी याला गुपचूप पैसे मिळत, असं मानतात. म्हणून तो बेसबॉलचा पहिला व्यावसायिक खेळाडू. पावती कोण ठेवणार? त्याच नोव्हेंबरात सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबाविरुद्ध बेसबॉलच्या सामन्यात निकाल लागला 25–0. एकेका सामन्यात वीस-तीस धावा सहज होण्याच्या काळात समोरच्यांना भोपळा!

14 ऑक्टोबर 1862, मॉरिसानियाच्या युनियन क्लबाविरुद्ध सामना. दंतकथा सांगते, त्यानं होमरन (एकाच फटक्यावर मैदानाची पूर्ण फेरी) मारली, आत काहीतरी तुटलं, त्याला वाटलं कमरेचा पट्टाच गेला. त्या दिवसाच्या नोंदींत होमरन नाहीच. बहुधा आधीपासूनचा हर्निया बळावला असावा. चार दिवसांत तो गेला. क्लबानं सांगितलं, दुखापत क्रिकेट खेळताना झाली. तो क्रिकेटही खेळायचा, त्यामुळे खपून गेलं. बेसबॉलवर बालंट नको होतं ना!

मनगटाचा झटका नियमात बसला 1872 मध्ये.