कंसातली नावं

(दादरमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, हा कागद मागच्या रांगेतून दिसायचा नाही, म्हणून त्यावर काय आहे ते सांगते. आमच्या गावच्या एका जमिनीच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याची ही नक्कल आहे. जिल्हा रत्नागिरी, जमीन वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी, क्षेत्र जेमतेम काही गुंठे. कब्जेदाराच्या रकान्यात सगळ्यांत वर माझ्या आजोबांचं नाव आहे आणि त्याला कंस केलेला आहे. माणूस गेला की तलाठी त्याचं नाव पुसत नाही, कंसात घेतो. गावाकडे बोलतातही तसंच, 'त्याचं नाव कधीच कंसात गेलं.' नावाशेजारी एक छोटा गोल आहे आणि गोलात आकडा. तो फेरफाराचा, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा नंबर.

सातबारा हातात आला की आपण कंसाबाहेरची नावं वाचतो, कारण आज जमीन त्यांची असते. वंशावळ शोधायची तर उलट करायचं. कंसातलं नाव धरायचं, गोलातला नंबर टिपायचा आणि तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या नंबरचा फेरफार मागायचा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही. कोण मयत झालं, वारस कोण, अज्ञान म्हणजे वयानं लहान कोण, कधीकधी कोण कुठे राहतं तेही, असं चार-सहा ओळींत लिहिलेलं असतं. त्यावरून त्याआधीचा सातबारा शोधायचा. तिथे पुन्हा कंस, पुन्हा गोल. एकेक पिढी अशी हाताला लागते.

मी यात पडले ती हौसेनं नाही. भाच्याला इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि जात पडताळणीला वंशावळ लागते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे झालं असेल. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. मग ट्रंका उघडतात, गावाला फोन जातात, शाळेचे जुने दाखले निघतात. आम्हीही शपथपत्रावर वंशावळ काढली. पणजोबा, आजोबा, वडील, भाऊ, भाचा. पाच पुरुष, एकाखाली एक. व्हॅलिडिटी मिळाली, प्रवेश झाला, पण तो कागद माझ्या मनातून जाईना. पाच पिढ्यांत एकही बाई नव्हती. कागदपत्रं गोळा करायला मी सहा खेपा घातल्या होत्या आणि त्या कागदावर मीही नव्हते.

ज्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, त्यांचं बरंचसं काम आधीच्या लोकांनी करून ठेवलं आहे. त्यांनी तो जरूर मिळवावा. पण आपल्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या घरी कामाला मुंबईत आले. त्यांच्यासाठी असा ग्रंथ कुणी लिहिला नाही. आपलं घराणं तलाठ्याच्या वहीत, शाळेच्या रजिस्टरात आणि पोलीस पाटलाच्या पुस्तकात आहे. मूळ पुरुष कुठल्या राजाबरोबर आला याची चौकशी मागाहून करा. आधी आजोबांच्या आईचं नाव काय, हे विचारा. ते सांगता येणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत.

मुंबईकरांची खरी अडचण सांध्याची असते. इकडे मुंबईचे कागद, तिकडे गावचे, आणि मध्ये जोडणारं काहीच नाही. गिरणीत माणसाचं नाव, बापाचं नाव आणि तिकीट नंबर एवढ्यावर काम चालायचं. आडनाव पुष्कळदा पुढच्या पिढीचं पोर शाळेत घालताना लागलं. कुणी भावकीचं दिलं, कुणी गावाला 'कर' जोडून दिलं. सख्ख्या भावांची दोन आडनावं झालेली घरं मी पाहिली आहेत. 'कर' असेल तर मात्र मोठा आधार. रायगडच्या किनाऱ्यावरून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांचीही आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर अशीच आहेत. ते गाव आजोबांनी सोडलेलं असेलच असं नाही, खापरपणज्यानं सोडलेलंही असू शकतं, हे मात्र ध्यानात ठेवा.

सांधा सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मस्थळाचा रकाना असतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना लोकांनी तिकीट, लाल पास, ईएसआयचं कार्ड शोधून काढलं, ते टाकून देऊ नका. आणि गावकीच्या खोल्या. परळ-लालबागला एकेका गावाची एकेक खोली असायची, पाळीपाळीनं माणसं झोपायची. त्या खोलीतून पुढे गावाची मुंबई मंडळं उभी राहिली. त्यांच्या वर्गणीच्या वह्या काही ठिकाणी अजून आहेत. अमुक वाडी, अमुक माणूस, आठ आणे. ज्याचं आडनाव गिरणीला ठाऊक नव्हतं, त्याची वाडीसुद्धा या वहीत असते.

घरातलं कुणी बोटीवर असेल तर आणखी एक ठिकाण सांगते. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मशीद बंदरच्या खलाशी गृहात आहे. आपल्या किनाऱ्यावरची किती माणसं त्यात आहेत! राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारकांच्या यादीत काही नावांपुढे बापाचं नाव आणि गावही दिलेलं आहे.

आता जुन्या कागदांची भाषा. 'धोंडू बिन बाबाजी' म्हणजे बाबाजीचा मुलगा धोंडू. मराठवाड्यात, विदर्भात 'बिन'च्या जागी 'वलद' येतं. 'कोम' किंवा 'भ्र.' आलं की ती बायको, 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. 'अ.पा.क.' दिसलं की थांबायचं. अज्ञान पालनकर्ता. पोर लहान असताना बाप गेला, म्हणून पालनकर्ती आई. आईचं नाव कागदावर येण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक. तेही सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की मुलीचं जुनं नाव माहेरच्या ओट्यावर राहायचं, कागदात यायचंच नाही.

आणि मोडी. पुस्तक उघडलं आणि मोडी दिसली की माणसं मिटून ठेवतात. तसं करू नका. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेलं असतं, शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. अवघड आहे, पण आपल्याला पोथी वाचायची नसते. गावं, नावं, महिने आणि नात्याचे आठ-दहा शब्द वाचता आले तरी काम होतं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावची जुनी पुस्तकं गठ्ठ्यांतून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पुष्कळ पानं चढली. आपल्या गावची आहेत का, ते बघून घ्या.

त्यातलंच एक पुस्तक म्हणजे गाव नमुना चौदा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू. आमच्या गावचं १९१८ सालचं पान मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये पाहिलं. कागद चहासारखा झालेला, कडा चुरत होत्या. सुरुवातीच्या महिन्यांत दोन-तीन मृत्यू, कारणाच्या रकान्यात कधी हगवण, कधी म्हातारपण. ऑक्टोबरपासून मात्र ओळीवर ओळ 'ताप'. ताप, ताप, ताप. पुढे पुढे लिहिणाऱ्यानं 'ताप' लिहायचंही सोडलं आहे आणि वरच्यासारखंच म्हणून नुसती खूण केली आहे. ती मानमोडीची साथ. आपण तिला आता इन्फ्लुएंझा म्हणतो. त्या खुणांमध्ये माझे पणजोबा सापडले. चार ओळी खाली त्यांचा भाऊ. त्याच्या खाली एक मुलगी, वय दोन, बापाच्या जागी पणजोबांचं नाव. आमच्या घरात ही मुलगी कुणाला ठाऊकच नव्हती. मला त्या दिवशी पुढचं पान उलटवलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईचा माणूस गावात जाऊन फेरफार मागायला लागला की भावकीला वाटतं, हा हिश्शासाठी आला. त्यांचंही चुकत नाही. तसे येणारे असतात. मी पहिल्या खेपेला कुणाला न सांगता गेले. पुढची दोन वर्षं चुलतभावांनी गणपतीला बोलावलं नाही. ते निस्तरायला मला फार वेळ लागला. तुम्ही आधी भावकीत जा, घरी बसा, काय शोधताय ते सांगा आणि जे मिळेल त्याची पहिली प्रत त्यांच्या हातात द्या. तोच धागा अजून नाजूक आहे, म्हणून आज मी घरातली नावं घेत नाही.

बाकीची ठिकाणं थोडक्यात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांकडे गावाप्रमाणे वह्या असतात. घरातलं कुणी तिथे गेलं असेल तर त्याचा लेख निघतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या मंडळींनी गावात हेळवी येतात का ते विचारावं. बैलावर बसून येतात आणि घराण्याची पिढीवार नावं म्हणतात. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख आहेत, पण ते सरकारी कारभाराचे. आधी गाव आणि साल हातात असू द्या. डीएनएच्या चाचणीविषयी मला नेहमी विचारतात. दूरचं नातं ती दाखवू शकते, आजीचं नाव नाही.

आता पुन्हा या कागदाकडे येते. आजोबांच्या कंसाशेजारच्या गोलातला फेरफार मी काढला. साल १९६४. खातेदार मयत, सबब वारस, पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. मी पुन्हा मोजलं. मला आत्या एकच. दुसरीच्या नावापुढे 'रा. नायगाव, मुंबई', जबाब देऊन हक्क सोडल्याचा शेरा आणि खाली 'निशाणी डावा अंगठा'. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलींना वारस धरलं, म्हणून ती त्या कागदावर आली. आजोबा दहा वर्षं आधी गेले असते, तर ती मला कधीच सापडली नसती.

वडील तेव्हा हयात नव्हते. गावातल्या एका वयस्कर काकूंना विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ती पहिल्या घरची." आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, तीन वर्षांच्या मुलीला मामा घेऊन गेला होता. माझी आजी दुसरेपणाची, हेही मला तेव्हा कळलं.

आमच्या लालबागच्या चाळीपासून नायगाव चालत अर्ध्या-पाऊण तासाची वाट. मी विचारत विचारत बीडीडी चाळीत पोचले. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, दार उघडून उभी राहिली आणि मी नाव सांगताच म्हणाली, "बस. आई सांगायची तुमच्याबद्दल. गणपतीत लालबागला दर्शनाला यायची, तेव्हा तुमच्या चाळीच्या दारापर्यंत यायची आणि परत फिरायची."

तिला आईच्या वडिलांचं गाव ठाऊक नव्हतं, ते मी सांगितलं. माझ्याकडे पहिल्या आजीचं काहीच नव्हतं. तिच्याकडे होतं. मामाच्या घरी आत्या ते नाव ऐकत वाढली होती. आजीचं माहेरचं नाव, लग्नाआधीचं. ते मी वंशावळीत लिहिलं आहे, पण पेन्सिलीनं, कारण त्याला अजून कागद नाही. या आजीच्या माहेरच्या गावचं १९१० च्या आसपासचं जन्माचं पुस्तक बघायचं राहिलंय. येत्या मे महिन्यात आम्ही दोघी मिळून जाणार आहोत.