ऊसपावत्यांची सीएसव्ही डकडीबीत भरताना

[दृश्य: अथणीजवळचा वजनकाटा, उसानं भरलेले ट्रॅक्टर]

गळीत हंगामात अथणी, चिकोडी, रायबाग पट्ट्यात प्रत्येक खेपेमागे एक पावती निघते आणि पावतीमागे फाइलीत एक ओळ: पावती क्रमांक, सभासद क्रमांक, गाव, सर्व्हे नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, तारीख. ही सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, डकडीबी या डेटाबेसमध्ये ओढायला एक ओळीची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) पुरते. तिथंच फसगत होते.

डकडीबी साधारण २०,४८० ओळींचा नमुना पाहून रकान्यांचे प्रकार स्वतः ठरवतं. सभासद क्रमांक ००४१७ हा आकडा धरला गेला, की उरतात नुसते ४१७. फाइल नोव्हेंबरच्या पहिल्या बारा दिवसांचीच असेल, तर ०५-११-२०२४ म्हणजे पाच नोव्हेंबर की अकरा मे? दोन्ही बसतं. नमुना वाढवूनही उपयोग नाही.

[दृश्य: पडद्यावर क्वेरी]

म्हणून ऑल-वारचार (सगळे रकाने मजकूर धरण्याचा पर्याय) लावून सगळं आधी मजकूर म्हणून कच्च्या टेबलात घ्यावं. मग तारखेला दिवस-महिना-वर्ष हा साचा, टनातल्या वजनाला तीन दशांश स्थळांचा डेसिमल (दशांश आकड्याचा प्रकार), म्हणजे किलोपर्यंत हिशेब लागतो. १,२५,०००.५० मधले स्वल्पविराम आधी काढायचे. ट्राय-कास्ट, म्हणजे जमलं तर प्रकार बदलणारं फंक्शन, वापरलं की न जमलेली किंमत नल, म्हणजे रिकामी होते. कच्च्या टेबलात मजकूर आणि बदललेल्या रकान्यात नल, अशा ओळी काढून डोळ्यांनी वाचाव्यात. चुका दुर्लक्षिणारा इग्नोर-एरर्स हा पर्याय नकोच, ते ओळी गुपचूप गाळतं. स्टोअर-रिजेक्ट्स हा पर्याय लावला तर नाकारलेली ओळ कारणासह वेगळ्या टेबलात मिळते.

सीमाभागातला खरा गुंता नावांचा. कन्नड आणि मराठी एकाच फाइलीत असली तरी यूटीएफ-८ ला, म्हणजे युनिकोड (सगळ्या लिप्यांचा एकच अक्षरसंकेत) साठवायच्या पद्धतीला, अडचण नाही. पण जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टात टंकलेली नावं मुळात युनिकोड नसतात. यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली तरी चित्रविचित्र रोमन अक्षरंच राहतात, आणि डेटाबेस हूं की चूं करत नाही. आधी फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर चालवायचा, तोही रकाना पाहून; कन्नडचा मराठीला चालत नाही. शिवाय बेळगाव आणि बेळगावी, चिकोडी आणि चिक्कोडी. जोडणी गावाच्या नावावर नको, कोडवर करावी.

फाइल मधेच एक्सेलात उघडून सेव्ह केली, तर सर्व्हे नंबर ७/३ ची तारीख होऊन बसते. पाहायचंच असेल तर नोटपॅड बरं.

[दृश्य: काट्याचा दैनिक गोषवारा]

भरणा झाला की ओळींची संख्या आणि निव्वळ वजनाची बेरीज गोषवाऱ्याशी ताडायची. दोन्ही नेमके दुप्पट आले, तर फाइल दोनदा भरली गेली. पावती क्रमांक दर हंगामात एकपासून सुरू होत असेल, तर प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, हंगाम, काटा आणि पावती क्रमांक मिळून धरावी. मग दुसरा भरणा तिथंच अडतो.