एकास आठ : तांब्याची पद्मिनी

(पडदा काळा. काही क्षण केवळ हातोडीचा आवाज. मग उजेडात तांब्याचा पत्रा.)

तांब्यावर पडणारा हातोडीचा हा ठोका पुण्याच्या कसबा पेठेला नवा नाही. इथल्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या हंडे, बंब आणि घंगाळी याच ठोक्यांनी घडली. ठोक्याला ठोका लावत पत्रा घट्ट आणि तेजदार करण्याच्या या कामाला इथे मठारकाम म्हणतात. आत्ता हातोडीखाली फिरणाऱ्या पत्र्याचे मात्र भांडे होणार नाही. त्यातून एका मोटारीचे उजवे पुढचे मडगार्ड निघणार आहे, आणि ते पुरे झाल्यावर माणसाच्या पसरलेल्या पंजाएवढे असेल. घंगाळ्यावर ठोक्यांच्या खुणा मिरवायच्या असतात. या मडगार्डवर त्यांतली एकही उरता कामा नये.

ही मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. खऱ्या गाडीच्या आठ मिलिमीटरना इथे एक मिलिमीटर, या हिशेबाने ती उभी राहत आहे. खरी गाडी ३.९३ मीटर लांब, म्हणून ही साधारण ४९ सेंटिमीटर. खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणून इथे ते २९२.५. यातला शेवटचा अर्धा मिलिमीटर कागदावर सोडून देता येतो, पण घडवताना सोडला तर मागचे चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध बसत नाही, आणि ज्याने आयुष्यात कधी फूटपट्टी धरली नाही त्यालाही गाडीत काहीतरी चुकले आहे हे लांबूनच जाणवते.

टेबलाशी बसलेले हे गृहस्थ पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागातून, निवृत्त झाले आहेत. नाव येऊ नये, काम दिसावे, एवढीच त्यांची अट होती. त्यामुळे आमच्या चित्रीकरणाच्या पथकातले सगळे जण त्यांना ज्या नावाने हाक मारत होते, त्याच नावाने, म्हणजे काका म्हणून, त्यांचा उल्लेख इथे होईल.

(कपाटाचे दार उघडते. खोक्यांच्या रांगा.)

मोटारींच्या प्रतिकृती जुळवणाऱ्या बहुतेकांचे काम एकास चोवीस किंवा एकास पंचवीस या मापात चालते. एकास आठ हे माप त्यांच्या सुमारे तिप्पट मोठे, आणि ते फार थोड्यांनी हाताळले आहे. अमेरिकेतल्या मोनोग्राम कंपनीने १९६२ मध्ये या मापाचे ‘बिग टी’ हे किट, म्हणजे सुटे भाग जुळवून गाडी उभी करण्याचा संच, बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी ‘बिग ड्यूस’ काढले. दोन्ही हॉट रॉडची, म्हणजे जुन्या फोर्ड गाड्या वेगासाठी बदलून केलेल्या गाड्यांची, दोन्ही प्लास्टिकची. इटलीतल्या ट्युरिन शहरातल्या पोशेर या कंपनीने याच मापाला वेगळ्याच उंचीवर नेले. रोल्स-रॉइस फँटम टू या गाडीच्या त्यांच्या किटमध्ये दोन हजारांहून अधिक सुटे भाग होते. त्यांच्या किटांमध्ये चाकांच्या तारा एकेक करून ओवाव्या लागत, स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळत, आणि दारे बिजागरीवर उघडत. काकांच्या कपाटात आज जी खोकी दिसतात, त्यांतले एकही पूर्ण नाही. कोणी अर्धवट सोडलेली, कोणाच्या वारसांनी विकून टाकलेली, चाके हरवलेली, पाण्यात भिजलेली अशी ही किटे त्यांनी वर्षानुवर्षे भाग म्हणून जमवली.

पद्मिनीचे मात्र या मापाचे किट नाही, आणि या सगळ्या कामाचे मूळ त्यातच आहे. किट हातात असेल तर कोणता भाग कुठे जातो, एवढेच शोधायचे असते, कारण प्रत्येक भागाचा आकार आधीच कोणीतरी ठरवून दिलेला असतो. इथे तो आकार आधी शोधायचा, मग तो पत्र्यात उतरवायचा, आणि तो भाग तिथे का आहे हे समजल्याशिवाय दोन्ही गोष्टी जमत नाहीत.

गाडीची वंशावळही थोडी पाहिली पाहिजे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. तिकडे इटलीत फियाटने १९५३ मध्ये ११०० या गाडीचे नवे रूप आणले. त्याच घराण्यातल्या, कुर्ल्यात तयार झालेल्या जुन्या गाडीला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणत. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, १९७२ मध्ये तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी पद्मिनी. फियाट ट्युरिनची आणि पोशेरही ट्युरिनची. त्यामुळे काकांच्या टेबलावर कुर्ल्याच्या गाडीला ट्युरिनच्या किटमधला खिळा लागतो, तेव्हा एका जुन्या नात्याची गाठ पुन्हा पडते, असे आम्हांला चित्रीकरण करताना सतत वाटत राहिले.

१९५३ च्या त्या नव्या रूपात फियाटने वेगळी चासी काढून टाकली होती. जुन्या गाड्यांत जाड लोखंडी चौकट खाली असे आणि बॉडी तिच्यावर ठेवलेली असे. पद्मिनीत तळ, खांब, टप आणि मडगार्डचे आतले पत्रे एकमेकांना जोडून जे कवच तयार होते, तेच सगळा भार उचलते. पोशेरची किटे बहुतांशी १९३० च्या दशकातल्या गाड्यांची, म्हणजे चौकटीच्या गाड्यांची, असल्यामुळे त्यांचा सांगाडा इथे निरुपयोगी ठरला. काकांना तळपत्रा स्वतः घडवावा लागला. त्यातला मधला उंचवटा, ज्याखालून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट जातो, तो त्यांनी एकाच पत्र्यातून उठवला आहे. गाडी पूर्ण झाल्यावर त्यावर सतरंजी येईल आणि तो कोणालाही दिसणार नाही.

(जुने गॅरेज. भिंतीशी उभी असलेली पद्मिनी. गाडीवर टेकवलेले पुठ्ठे.)

मापे घेण्यासाठी काका एका जुन्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या पद्मिनीकडे जात राहिले. फोटोवरून माप काढता येत नाही, कारण कॅमेऱ्याची काच जवळची बाजू मोठी करते आणि कडा वाकवते. म्हणून त्यांनी बॉनेटपासून डिकीपर्यंत ठरावीक अंतरावर ओळंबा सोडला, प्रत्येक ठिकाणी पुठ्ठा कापून गाडीच्या अंगाला तंतोतंत बसवला, आणि ते पुठ्ठे घरी आणून आठपट लहान केले. उजवी आणि डावी बाजू जुळेना, तेव्हा उलगडा झाला की गाडीचे डावे मडगार्ड कधीतरी ठोकले गेले होते आणि डेंटिंग करणाऱ्याने त्याला स्वतःच्या अंदाजाने आकार दिला होता. काकांनी उजवी बाजू खरी मानली.

त्या पुठ्ठ्यांवरून सागाच्या फळ्या कापल्या, त्या एकीला एक चिकटवल्या, आणि पटाशी, कानस व पॉलिश पेपर यांनी घासून हा लाकडी साचा तयार झाला. पत्रा थेट याच्यावर ठोकायचा असतो. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे मापाने इथे ०.१ मिलिमीटर हवा. पण तेवढा पातळ पत्रा ठोक्याखाली फाटतो, म्हणून काका अर्ध्या मिलिमीटरचे तांबे घेतात आणि जिथे कडा दिसते, तिथे ती कानशीने उतरवून पातळ करतात.

आता हे दृश्य नीट पाहावे. ठोके खाऊन तांबे कडक होते. आणखी ठोकले तर चिरते. काका पत्रा ज्योतीवर धरतात, तो मंद लाल होईपर्यंत थांबतात, आणि पाण्यात टाकतात.

(निवेदन थांबते. पाण्याचा चर्रकन आवाज. वाफ.)

पोलाद असे लाल करून पाण्यात बुडवले तर ते कडक होते, तांबे मात्र पुन्हा मऊ होते. ही रीत काकांना कारखान्यात नव्हे, तांबट आळीत मिळाली. आयुष्यभर पोलादावर काम केलेल्या या माणसाने साठी उलटल्यावर एका तांबटाच्या दुकानात बसून पत्रा कसा बोलतो, हे ऐकायला शिकून घेतले. मऊ पत्र्यावरचा ठोका बसका येतो. कडक होऊ लागला की आवाज चढतो, आणि चढलेला आवाज ऐकल्यावर हात थांबला पाहिजे. एका मडगार्डसाठी पत्रा किती वेळा तापवला, असे विचारल्यावर त्यांनी मोजणे कधीच सोडून दिल्याचे सांगितले.

टेबलाच्या कोपऱ्यात पडलेला हा तुकडा म्हणजे टाकून दिलेला टप. कारागिरीत तो कुठेही कमी नाही. जोड साफ, कडा सरळ, वक्र सुरेख. तो दोन मिलिमीटरने उंच झाला, एवढाच त्याचा दोष. खऱ्या गाडीवर ती उंची १६ मिलिमीटर झाली असती. काका म्हणाले, “नाक, डोळे सगळं बरोबर होतं, पण माणूस दुसराच वाटत होता.” साच्यावर लांबीचा, म्हणजे लाकडाच्या फटी बुजवायच्या लुकणाचा, एक थर जादा राहिला होता, तो घासून काढला आणि टप पहिल्यापासून पुन्हा ठोकला. जुना टप त्यांनी मोडीत घातलेला नाही.

(टेबलावर ओळीने मांडलेले सुटे भाग. कॅमेरा सावकाश सरकतो.)

हे सगळे भाग एकाच गाडीचे आहेत, यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. स्क्रू आणि दारांच्या बिजागऱ्या पोशेरच्या अपुऱ्या किटमधून आल्या आहेत. कार्ब्युरेटर अमेरिकन हॉट रॉडच्या किटमधला; तो मोठा होता, म्हणून मधोमध कापून आखूड केला. ब्रेकच्या नळ्या इंजेक्शनच्या सुया वाकवून केल्या. टायर कोणत्याच किटमधून मिळाला नाही, कारण पोशेरच्या गाड्यांचे टायर उंच आणि सडपातळ असतात, तर पद्मिनीचा १४ इंची रिमवरचा टायर या मापात सुमारे ७६ मिलिमीटर व्यासाचा येतो. त्यासाठी लेथवर साचा कातून त्यात रबर ओतले. पुढची जाळी पितळी पट्ट्यांना डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, जोडली आहे. एका पट्टीला डाग देताना शेजारची सुटू नये म्हणून तिच्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवला आहे, तो इथे स्पष्ट दिसतो. खऱ्या गाडीत जिथे ८ मिलिमीटरचा बोल्ट असतो, तिथे इथे एक मिलिमीटरचा आहे, आणि त्यालाही आटे आहेत.

वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले भाग एका गाडीत शोभण्यासाठी त्यांचे वय एक दिसावे लागते. किटमधल्या क्रोमची चकाकी मापापेक्षा जास्त असते, म्हणून काका ते क्रोम उतरवतात आणि सगळ्याच भागांवर एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून निकेल चढवून आणतात. उसना भाग ओळखू येता कामा नये, हा त्यांचा दंडक आहे.

इंजिन चालणारे नाही, आणि तसा दावाही नाही. खऱ्या १०८९ सीसीच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर. इथे तो साडेआठ. हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडल्यावर चारही पिस्टन दिसतात, आणि मागचे चाक हाताने फिरवले की ते वर-खाली होतात. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरसुद्धा चारही जागी पडतो.

रंगाचे काम आम्हांला दोनच दिवस पाहायला मिळाले. गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण दशांश मिलिमीटर भरतात. ते आठपट पातळ करणे शक्य नसते, म्हणून प्रत्येक थर घासून जवळजवळ काढून टाकायचा आणि मग पुढचा द्यायचा, अशी ही पद्धत आहे. आधी टपाचा पिवळा, मग तो झाकून काळा. काळ्या रंगात पत्र्यावरची एकही लहर लपत नाही, आणि काकांच्या मडगार्डवर खिडकीचे गज सरळ उमटलेले इथे दिसतात.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओमध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयाला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर तिला परवानगी उरली नाही, आणि तिच्यावर पोट असलेल्या चालकांनी त्याआधीच दुसऱ्या गाड्या घेतल्या किंवा धंदा सोडला. काकांच्या या कामाला सात वर्षे झाली आहेत. त्यांच्या डोळ्यांवर त्याचा ताण आला आहे.

इंग्लंडमध्ये जेराल्ड विंगरोव्ह यांनी याच प्रकारचे काम, प्रामुख्याने एकास पंधरा या मापात, आयुष्यभर व्यवसाय म्हणून केले आणि संग्राहकांनी त्यांच्या धातूच्या गाड्या शिल्पाच्या मानाने घेतल्या. आपल्याकडे असे काम पाहून पहिला प्रश्न येतो तो खेळण्याची किंमत विचारणारा. ज्या हातांनी पत्र्यातून गाडीचे अंग पुन्हा उभे केले, त्या हातांसाठी आपल्या भाषेत कारागीर हा जुना आणि पुरेसा मोठा शब्द आहे, तो वापरला जावा.

(गाडीचा डावा पुढचा कोपरा, अगदी जवळून.)

काचेच्या पुढे, बाहेरच्या बाजूला बसवलेला हा टॅक्सीच्या भाड्याचा मीटर दोन सेंटिमीटरचा आहे. भाडे सुरू करताना पाडायचा त्याचा झेंडा बोटाच्या नखाने खाली पडतो. आतले आकडे काकांनी कागदावर लिहून भिंगातून फोटो काढून लहान केले.

गाडी अजून पुरी झालेली नाही. चारपैकी तीन दारांच्या काचा हँडल फिरवले की खाली जातात. डाव्या मागच्या दाराची अर्ध्यावर अडकते. आतला दंतुर तुकडा एका जुन्या मनगटी घड्याळातला आहे आणि त्याचा एक दात झिजला आहे. त्या दिवशी संध्याकाळी आमचे दिवे आवरून झाले, तेव्हा काकांनी टेबलावरचा दिवा खाली ओढला, दाराच्या आतल्या पत्र्याचे तीन स्क्रू काढून बशीत ठेवले, आणि घड्याळांचा डबा उघडला.

(डब्यातली चाके. चिमट्याचा बारीक आवाज. दृश्य मिटते.)